इसार घेण्याआधी

गंगाखेड, मार्गशीर्ष

चि. सुहास,


परळी रस्त्याकडच्या आपल्या वावराला गिऱ्हाईक आलंय, हे दादाने, म्हणजे तुझ्या वडिलांनी, तुला कळवलंच असेल. त्यांना प्लॉटिंग करायचंय. भाव बरा आहे आणि कसायला घरात कुणी उरलेलं नाही, तेव्हा विकू नका असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं रस्त्याचं आहे. मी हक्कसोडपत्र करून दिलंय, म्हणून माझ्या सहीला किंमत नाही. तुझ्या सहीला आहे.

वावराकडे जायला अजून तीच पाणंद. समोरून बैलगाडी आली की एकाने बांधाला चिकटायचं. पलीकडच्या वस्तीवरची लेकरं त्यातूनच सायकलीने शाळेला येतात. सध्या गाळप सुरू आहे. मोठ्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. गोदावरीच्या वाळूच्या हायवा निराळ्याच. त्यांना दिवसापेक्षा रात्र का आवडते ते तुला सांगायला नको. अशा रस्त्याला आपली पाणंद बाभळींच्या आडून एकदम येऊन मिळते. तिथून उद्या शंभर घरांच्या मोटारसायकली निघणार. त्याही आधी घरं बांधायची म्हणजे मुरूम, खडी, सिमेंट सगळं त्याच तोंडातून आत जाणार.

गिऱ्हाइकांनी नकाशा आणला होता. आतले रस्ते नऊ मीटर, मोकळी जागा दहा टक्के. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियमावलीतलं तोंडपाठ म्हणून दाखवलं. आतल्या बाजूला मला खोट काढता आली नाही. पाणंदीवर मात्र ठिपक्याठिपक्यांची रेघ आणि ‘प्रस्तावित रस्ता’. त्याला जमीन कुणाची जाणार, पैसे कोण भरणार, कधी होणार, हे नकाशात नव्हतं आणि आणणाऱ्यालाही माहीत नव्हतं. आग लागली तर बंब काय ठिपक्यांवरून जाणार?

दादा म्हणतो, कागद असलेलं हे प्लॉटिंग गुंठेवारीपेक्षा बरं. खरंय. तुकडेबंदी कायदा १९४७ चा, आणि तरी बाँडवर गुंठा-गुंठा विकला गेलाच. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, २०२१ मध्ये मुदत पुढे नेली, २०२५ मध्ये पुन्हा १ जानेवारी २०२५ पर्यंतचे तुकडे मोकळे करायची घोषणा झाली. शुल्क भरलं की घर नियमित होतं. दोन घरांमध्ये न सोडलेला रस्ता कितीही शुल्क भरलं तरी रुंद होत नाही.

दादाला माझं हे रस्त्याचं बोलणं म्हणजे म्हातारीचं भ्या वाटतं. पण २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली चव्वेचाळीस टक्क्यांवर दुचाकीवरची, आणि पायी चालणारी जवळजवळ पाचातली एक. आपल्याकडे कुणी गेलं की रास्ता रोको होतो, साहेब येतात, आणि रातोरात गतिरोधक पडतो, पांढरे पट्टे नाहीत, फलक नाही. मग त्याच्यावरून मागे बसलेल्या बाया पडतात. आषाढीला शेगावची पालखी येते तेव्हा मात्र पोलीस उभे राहून ट्रक थोपवून धरतात. म्हणजे जमत नाही असं नाही.

तू सांगितलेलं डोक्यात बसलंय. नेदरलँड्समध्ये १९७१ साली सुमारे ३,३०० माणसं रस्त्यांवर गेली, त्यात चारशेच्या वर लेकरं, आणि ‘लेकरांची हत्या थांबवा’ म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले. तुमच्या तिकडच्या गल्लीत मोटारगाडी सायकलीच्या मागून मुकाट चालते, ती काही आपोआप तशी झालेली नाही.

आपल्याला तेवढं भांडायचं नाही. पाणंदीला लागून असलेली आपली पट्टी रस्त्यासाठी आधीच सोडायची आणि ते करारात लिहून घ्यायचं. मोठ्या रस्त्याला रस्ता जोडायची बांधकाम खात्याची परवानगी पहिल्या प्लॉटच्या खरेदीखताआधी हातात हवी. तोंडाशी दिवा हवा, बाभळी काढलेल्या हव्यात, पायी चालणाऱ्यांना कडेला जागा हवी. दादा म्हणतो एवढे गुंठे फुकट जातील. जातील. शेतीच्या भावाने नव्हे, प्लॉटच्या भावाने जातील, हेही खरं, आणि ती रक्कम लहान नाही. समोरचा शेतकरी त्याची पट्टी देईल का, देव जाणे. पण आपली सोडल्याशिवाय त्याला कोणत्या तोंडाने विचारणार? आणि एकदा सगळे प्लॉट विकले गेले की मागायला जायचं कुणाकडे? विकणारा परभणीत दुसरं वावर बघत असेल, आणि नगरपालिका म्हणेल, रस्ते अजून आमच्या ताब्यात आलेले नाहीत.

संक्रांतीनंतर इसारपावती करायची म्हणतायत. त्याआधी दादाला फोन कर. नकाशाचा फोटो शेजारच्या पोराकडून तुला पाठवते, तो नीट बघूनच बोल. आणि माझं नाव सुरुवातीलाच घेऊ नकोस, नाहीतर तो ऐकायचाच नाही.

तुझी,
आत्या