दिवेआगरास दोन दिवस

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगांव, म्हसळा, बोर्ली पंचतन असा मार्ग आक्रमीत आम्ही दिवेआगरच्या आळींत शिरलों तेव्हां दुपारचे साडेबारा वाजले होते. मोटार आमचा मुलगा हांकीत होता. दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांच्या गडग्यांमुळें आळी इतकी अरुंद कीं, समोरून मुंबईची दुसरी मोटार येतांच दोघींचीही गति खुंटली. अखेर आम्हांस पन्नास पावलें मागें हटावें लागलें, आणि ज्या घराच्या ओटीवर आमच्या वडिलांची मुंज लागली त्या घरीं आम्ही पाठमोरे प्रविष्ट झालों!

आमचे आजोबा मुंबईहून आगबोटीनें येत व पुढें बैलगाडीनें. घरीं पोंचेपर्यंत दिवस मावळे. तेव्हां हा मुलूख जंजिऱ्याच्या संस्थानांत मोडत असे. गांव त्याहून कितीतरी जुना. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा येथील ताम्रपट मराठींतील अत्यंत जुन्या लेखांत गणला जातो, आणि रूपनारायणाची पाषाणमूर्ति तर वाट वाकडी करून पाहावी अशी आहे. पण जग इकडे लोटलें तें १९९७ सालापासून. त्या वर्षीं एका पोफळीच्या वाडींत खणतांना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सांपडला. मुखवट्यामागें मोटारी आल्या, मोटारींमागें खानावळी, आणि खानावळींमागें भाड्याच्या खोल्या. २०१२ सालीं दोघां पहारेकऱ्यांचा खून करून दरोडेखोरांनीं तो मुखवटा नेला; हातीं लागलेल्या सोन्यांतून घडविलेला नवा मुखवटा २०२१ सालीं देवळांत बसला. मधलीं वर्षें गांवास फार जड गेलीं, असें अण्णा सांगतात.

अण्णा आमचे थोरले चुलत बंधु. आम्ही सारे नोकऱ्यांसाठीं बाहेर पडलों, ते वाडी शिंपीत राहिले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळांत आमच्या वाडींतील साठांवर पोफळी एका दुपारीं आडव्या झाल्या. नवी पोफळ धरावयास पांच-सात वर्षें लागतात. तोंवर खावें काय? अण्णांच्या सुनेनें मागील दारीं तीन खोल्या बांधून पाहुणे ठेवण्यास आरंभ केला आणि घर सांवरलें. आतां अडचण आहे मोटारींची. दारापुढें अकरा पोफळींची एक रांग वादळांतून वांचली आहे. ती काकूंनीं लाविलेली. ती काढल्यावांचून मोटारी आंत वळत नाहींत. वाडी सामाईक, सातबाऱ्यावर आमचेंही नांव. म्हणून आमची संमति हवी होती. आमच्या या प्रवासाचें खरें निमित्त हेंच.

दुपारीं झोपाळ्यावर पडल्या पडल्या आम्हांस एका निराळ्याच गांवाची आठवण झाली. आमची कन्या न्यू जर्सींत असते. तिच्याकडे गेलों असतां जावयांनीं आम्हांस लॉंग आयलंडवरील लेव्हिटटाउन दाखविलें. महायुद्धावरून परतलेल्या शिपायांच्या कुटुंबांसाठीं १९४७ सालापासून लेव्हिट नामक कंपनीनें बटाट्याच्या शेतांवर तेथें सतरा हजारांहून अधिक घरें उठविलीं. सारीं एका सांच्याचीं, प्रत्येकापुढें हिरवळ. आणि कृष्णवर्णीयांस तेथें राहूं न देण्याची अट आरंभीं करारांतच घातलेली! मोटारीवांचून त्या घरांपर्यंत जाणें दुरापास्त. १९५० सालच्या घरांत तर दूरचित्रवाणीचा संच बांधणींतच बसवून दिलेला असे. त्या सालीं अमेरिकेंत शंभरांतील नऊ घरांत असा संच होता, दहा वर्षांनीं जवळजवळ नव्वद घरांत. आम्ही तासभर हिंडलों. हिरवळी पाहिल्या, मोटारी पाहिल्या, पण पायीं चालणारें माणूस एकही भेटलें नाहीं. जुन्या अमेरिकन घरांस रस्त्याकडे तोंड करून बसावयाची पडवी असे. या घरांस ती नव्हती.

आमच्या ओटीचें आयुष्य याहून लांबलें. १९७२ च्या २ ऑक्टोबरास मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें, तरी आमच्या आळींत पहिला संच आला तो रामायण मालिकेच्या वेळीं, म्हणजे १९८७ सालीं. उंच बांबूवर सांगाडा बांधूनही चित्रापेक्षां मुंग्याच अधिक दिसत. रविवारीं सकाळीं सारी आळी त्या ओटीवर लोटे. काकू संचासमोर उदबत्ती लावीत. म्हणजे ज्या यंत्रानें अमेरिकेंतील पडवी रिकामी केली, त्यानेंच आमची ओटी कांहीं काळ भरली! पुढें घरोघरीं संच आले आणि झोपाळे थांबले. आमचा नातू तर मोटारींतून उतरावयासही तयार नव्हता. आंत गारवा होता आणि हातांत पडदा.

संध्याकाळीं समुद्रावर गेलों. केवड्याच्या बनापलीकडे चार किलोमीटर रुपेरी वाळू, आणि तिच्यावर चाकांच्या खुणा. आमच्या तोंडून निषेधाचे चार शब्द गेले. परत येऊन आम्हीं अण्णांस म्हटलें, "अण्णा, काकूंच्या हातच्या पोफळी आहेत, तुम्ही त्या राखाव्या." अण्णा कांहीं वेळ सुपारी कातरीत राहिले. मग म्हणाले, "तुझी मोटार कोठें लावली आहेस, तें पाहून ये."

आम्ही कंदील घेऊन गेलों. निसर्गानें पाडलेल्या तीन पोफळींचे बुंधे चांकांखालीं होते.

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. वर्षांतून एकदां येऊन झाडांची माया सांगणें आम्हांस सोपें; त्यांच्या उत्पन्नावर घर चालविणें अण्णांच्या वांट्यास आलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या मुलानें दोरी आणली. तो, अण्णांची सून व आम्ही मोजमाप करीत बसलों. गडग्याचा कोपरा दोन हात आंत घेतला तर अकराऐवजीं पांच पोफळी काढून भागेल, असें निघालें. अण्णांनीं त्या पांचांवर चुन्याचीं बोटें ओढलीं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारांतून पाहत होत्या. त्या एकही शब्द बोलल्या नाहींत. आम्हीं कागदावर सही केली.

निघतांना वहिनींनीं रोठा सुपारीची पिशवी आमच्या पत्नीच्या हातीं दिली. मोटार वळावयास जागा नव्हतीच, तेव्हां ती पुन्हां पाठमोरीच बाहेर काढावी लागली. वहिनी मागें उभ्या राहून हात हालवीत मुलास सांगत होत्या, "सावकाश रे, पोफळ आहे."