उणे दोनच्या वरची मुलं

अंगणवाडीत दोन वर्षांचा मुलगा उंची मोजायच्या फळीला टेकून उभा राहतो, पट्टी सरकत डोक्याला लागते आणि आकडा मिळतो: ८३ सेंटिमीटर. नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मानकांनुसार दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलग्यांची मधली उंची ८७.१ सेंटिमीटर, प्रमाण विचलन साधारण ३.०५. म्हणजे आपला मुलगा मधल्या उंचीपेक्षा ४.१ सेंटिमीटरनं कमी. त्याला ३.०५नं भागलं की उत्तर उणे १.३४. हाच झेड-गुणांक. प्रसामान्य वितरणाच्या कोष्टकात उणे १.३४च्या समोर ०.०९ छापलेलं असतं. नीट खाऊन-पिऊन वाढलेल्या शंभर मुलग्यांत नऊ जण याच्याहून बुटके निघतील, असा त्याचा अर्थ. उणे दोनच्या खाली गेलेल्या मुलाची वाढ खुरटलेली, उणे तीनच्या खाली गेलेल्याची तीव्र खुरटलेली. आपला मुलगा उणे दोनच्या वर आहे, म्हणून त्याच्या नावापुढे ‘सामान्य’ लिहिलं जातं.

मी मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात संख्याशास्त्र शिकवते. पाठ्यपुस्तकात हे कोष्टक दिव्यांचं आयुष्य नाहीतर परीक्षेचे गुण घेऊन शिकवलेलं असतं. मी मात्र विद्यार्थ्यांना अंगणवाडीचं उदाहरण देते. आमच्या जिल्ह्यातला खकनारचा भाग महाराष्ट्रातल्या मेळघाटाला लागून आहे. राज्य बदललं तरी तिथली कोरकू वस्ती दोन्हीकडे सलग आहे, आणि मुलांच्या वाढीचा प्रश्नही.

मानकांबद्दल पहिली शंका नेहमी एकच येते: हे परदेशी माप, आपली मुलं मुळातच ठेंगणी. ही शंका मला मनापासून खोडून काढावीशी वाटते. १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांच्या मोजमापांवर ही मानकं उभी आहेत. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती: आईचं दूध मिळालेली, पोटभर खाणारी, वेळेवर औषधोपचार मिळणारी. लांबीतल्या एकूण फरकापैकी देशादेशांतल्या फरकाचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला. एकाच ठिकाणच्या मुलामुलांतल्या फरकाचा ७० टक्के. वंश, मुलूख यांच्यामुळे पहिल्या पाच वर्षांत उंची ठरत नाही, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसलं असेल.

मुलामुलांतला हा फरकही खरा आहे, आणि तो विसरून चालत नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात जन्मलेले थोर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी हाच मुद्दा उष्मांकांबाबत लावून धरला. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१च्या अभ्यासात दारिद्र्यरेषेसाठी माणशी रोजच्या २२५० उष्मांकांची सरासरी गरज धरली होती. सुखात्म्यांचं म्हणणं असं, की गरज माणसागणिक बदलते. सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी धरला तर धडधाकट माणसंही भुकेल्यांत मोजली जातील. रेषा सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करून आखावी. एकट्या माणसाचा निवाडा करायचा असेल तर मला ते पटतं. निरोगी शंभर मुलांतही दोन-तीन उणे दोनच्या खाली असतातच. आईबाप बुटके असतील, मूल ठणठणीत असेल. पण अख्ख्या गावाबद्दल बोलायचं असेल तर तीच रेषा अपुरी पडते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) मध्य प्रदेशातल्या पाच वर्षांखालच्या ३५.७ टक्के मुलांची वाढ खुरटलेली आढळली. उंचीच्या वितरणाचा वक्र मानकांच्या जागेवर असता तर हा आकडा २.३ टक्के असायला हवा होता. आता कोष्टक उलटं वाचू. ज्याच्या डावीकडे ३५.७ टक्के क्षेत्रफळ उरतं तो गुणांक साधारण उणे ०.३७. वक्राचा पसारा तोच ठेवला तर मध्य उणे १.६३वर येतो. म्हणजे अख्खा वक्रच डावीकडे सरकलेला आहे. आपल्या ८३ सेंटिमीटरच्या मुलाकडे आता पुन्हा बघा. ढोबळ हिशेबानं इथल्या त्याच्या वयाच्या मुलग्यांची मधली उंची ८२ सेंटिमीटरच्या आसपास पडते. बरोबरीच्या शंभरांतल्या साठांहून तो उंच. आजीला तो अंगानं भरलेला वाटतो, नोंदवहीत तो सामान्य असतो, आणि नीट वाढू दिलेल्या मुलांत तो शेवटच्या नवांच्या जवळ उभा असतो. वाटा त्याचाही हिरावलेला असू शकतो. फक्त त्याची मोजदाद कुठेच होत नाही.

हा हिशेब मोजमापावर उभा आहे, म्हणून मोजमापाबद्दल मी कडक आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून मोजायचं, वरच्याला उभं करून, दोन्हींत ०.७ सेंटिमीटरचा फरक धरलेला असतो. त्याहून मोठा घोळ वयाचा. ‘होळीच्या आसपास जन्मला’ एवढंच ठाऊक असेल आणि दोन वर्षांच्या मुलाचं वय तीन महिन्यांनी चुकलं, तर गुणांक जवळजवळ एकानं इकडेतिकडे होतो. अशा चुकांनी वक्र पसरतो आणि दोन्ही टोकं फुगतात. मी पसारा तोच धरला, प्रत्यक्षात तो थोडा जास्त असतो. वजनाला तर साधी वजाबाकी चालतच नाही. दोन वर्षांच्या मुलग्याचं मधलं वजन १२.२ किलो, एक पायरी वर १३.६, दोन पायऱ्या वर १५.३, खाली मात्र १०.८ आणि ९.७. पायऱ्या सारख्या नाहीत, वक्र उजवीकडे लांबलेला आहे. म्हणून वजनाचा गुणांक आधी गणिती रूपांतर करूनच काढतात.

उंचीच्या मानानं वजन उणे तीनच्या खाली गेलेलं मूल, ज्याला ‘सॅम’ म्हणजे तीव्र कुपोषित म्हणतात, पोषण पुनर्वसन केंद्रात पोचलंच पाहिजे. तिथे जीव वाचतो. पण टोकाची मुलं उचलून बरी केल्यानं वक्र हलत नाही. तो हलतो सगळ्यांपर्यंत पोचणाऱ्या गोष्टींनी: गरोदरपणात आईच्या ताटात काय होतं, लग्न कोणत्या वयात झालं, पाणी स्वच्छ होतं का, जुलाब किती वेळा झाले. महाराष्ट्रानं २०१५ साली आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचं चौरस गरम जेवण देणारी अमृत आहार योजना सुरू केली. तिचा विचार मला संख्याशास्त्राच्या दृष्टीनं बरोबर वाटतो, कारण तीत आधी कोणाचं वजन करून निवड करावी लागत नाही. प्रत्येक अंगणवाडीनं वाढीच्या तक्त्यावरच्या लाल-पिवळ्या पट्ट्यांतल्या मुलांच्या संख्येसोबत सगळ्या मुलांचा सरासरी गुणांकही लिहावा, एवढी माझी मागणी आहे.

समजा तो मध्य अर्ध्यानं वर आला, उणे १.६३चा उणे १.१३ झाला. दोन वर्षांच्या मुलाच्या उंचीत हा फरक सरासरी दीड सेंटिमीटरचा. कोष्टकाप्रमाणे उणे दोनच्या खालची मुलं शंभरात ३६ वरून १९वर येतात. उणे तीनच्या खालची साडेआठांवरून तीनवर.