पोटखराब्यातलं पाणी

ती. आप्पांना,


परवा फोनवर तुम्ही मला चांगलंच कोंडीत पकडलंत. "दलदल राखायला सरकार पैसे घालतं? आम्ही चिबड जमिनीतलं पाणी काढायला चर खणत नोकरी संपवली!" एवढं बोलून फोन आईच्या हातात दिलात. हे त्याचं उत्तर. मासिकाकडे पाठवतेय, कारण मृदसंधारणात हयात घालवलेले तुमचे मित्रही वाचतील आणि चुका काढतील. काढू देत.

आयर्लंडमधल्या आमच्या टल्लामोरपासून क्लारा गाव जवळच आहे. गावाबाहेर क्लारा बॉग, म्हणजे तीच दलदल. आपल्याकडे ही जमीन सातबाऱ्यावर पोटखराब्यात गेली असती. पीक नाही, बराचसा भाग झाडांवाचून, पाय ठेवाल तिथे पाणी. त्यावरून सुमारे एक किलोमीटरची फळ्यांची वाट केली आहे. वाट सोडून कुणी उडी मारली तर शेजारची जमीन थरथरते. आणि हा बॉग भोवतालच्या शिवारापेक्षा उंच आहे, उपड्या परातीसारखा मध्ये फुगलेला, तरीही पाण्यानं काठोकाठ भरलेला. आता तुम्ही विचारणार, पाणी उतारानं निघून का जात नाही?

कारण ते शेवाळानं धरलेलं असतं. स्फॅग्नम त्याचं नाव. ओलं शेवाळ मुठीत पिळलं तर कोपरापर्यंत ओघळ येतात. कोरड्या वजनाच्या वीस पटींपर्यंत पाणी ते पोटात ठेवतं. हिमयुग सरलं तेव्हा, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, इथे तळं होतं. लव्हाळी वाढली, मेली, तळाशी बसली. पाण्याखाली हवा नाही म्हणून धड कुजली नाहीत, आणि तळं भरत आलं. मग स्फॅग्नमनं ताबा घेतला. त्याला जमिनीतलं काही लागत नाही, नुसता पाऊस पुरतो. खालचं मरून पीट होतं, वरचं जगत राहतं, आणि असं वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर चढतं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून आजवर फूट-सव्वा फूट.

वाटेवर गुडघे टेकून पाहिलं की शेवाळात लाल केसांची इवली पानं दिसतात, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. कासच्या पठारावर तुम्ही मला दाखवलेल्या दवबिंदू या रोपट्याचीच ही बहीण. तिथे खडकावरच्या पातळ मातीत अन्न नसतं, इथे निव्वळ पावसाच्या पाण्यात नसतं; म्हणून दोघी किडे खातात. आणि पीटमध्ये गेलेली वस्तू टिकते किती! २००३ साली याच ऑफली काउंटीत चर खणताना दोन हजार वर्षांहून जुन्या माणसाचं धड सापडलं. डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ते ठेवलंय. डोकं नाही, पण हाताची बोटं अशी की नखं कालच कापली असावीत. मी तिथे फार वेळ थांबू शकले नाही.

आता चरांकडे येते. आयर्लंडला कोळसा फारसा नाही. म्हणून पीट कापून, वाळवून चुलीत घालायचं, त्याला टर्फ म्हणतात. १९४६ साली बोर्ड ना मोना ही सरकारी कंपनी निघाली आणि हे काम यंत्रांनी, प्रचंड प्रमाणावर सुरू झालं. विजेची केंद्रंही पीटवर चालली. क्लाराच्या पूर्व भागातही १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीनं पाणी काढायला चरांचं जाळं खणलं. पाणी उतरलं की पीटमध्ये हवा शिरते, हजारो वर्षं न कुजलेलं कुजू लागतं, जमीन आक्रसते आणि साठलेला कार्बन हवेत जातो. जगाच्या जमिनीपैकी फक्त तीनेक टक्के पीटची आहे, पण जगातल्या साऱ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून नाही एवढा कार्बन तिच्यात आहे. आयर्लंडमधल्या अशा उंच बॉगांपैकी जिवंत, वाढता भाग आज एक टक्काही उरलेला नाही.

ओरड आधी केली ती अभ्यासकांनी, आणि गंमत म्हणजे डचांनी. स्वतःच्या देशातले बॉग त्यांनी जवळजवळ संपवले होते. मॅथाइस स्खाउटेन या डच अभ्यासकाच्या पुढाकारानं तिथल्या लोकांनी पैसे जमवून काही आयरिश बॉग विकत घेतले आणि आयर्लंडच्याच हवाली केले. क्लारा १९८७ साली राखीव झाला. कंपनीची कापणी सुरू व्हायच्या आत वाचला, पण चर राहिले.

ते बुजवायचं काम तुम्हाला पाहायला आवडेल. रुंद पट्ट्यांचं यंत्र, म्हणजे रुतू नये. शेजारचं ओलं पीट उचलायचं, चरात थरांनी दाबायचं, माथा जमिनीच्या थोडा वर ठेवायचा. ठरावीक अंतरावर असे बांध, थेट तुमचे नालाबांधच. पण दगडी पिचिंग करायला जाऊ नका. इथला दगड चुनखडीचा, त्याचा चुना पाण्यात उतरला तर आम्लावर जगणारं स्फॅग्नम गेलं. बाहेरची मातीही चालत नाही. आणि 'पाणी अडवा, पाणी जिरवा' यातलं पहिलंच इथे चालतं. जिरलं तर काम फसलं. पाणी जमिनीपासून दहाएक सेंटिमीटरच्या आत राहिलं पाहिजे, उन्हाळ्यातसुद्धा. ते बघायला जागोजाग उभे पाइप रोवलेत आणि माणसं येऊन नुसत्या पातळ्या लिहून नेतात. वर्षानुवर्षं. पाहणाऱ्याला वाटावं, इथे काहीच चाललं नाही.

खरा घोळ पश्चिम भागात झाला. तिथे आत चर खणलेच नव्हते, तरी जमीन खचत राहिली. बॉग फक्त पावसावर जगतो, खालच्या भूजलाशी त्याचा संबंध नाही, असाच समज होता. पण काठाला लोकांनी टर्फसाठी केलेले खोल चर पीटखालच्या मातीपर्यंत पोचले होते. तिथून भूजलाचा दाब उतरला आणि वरचा बॉग खाली बसू लागला, कुंपणाच्या बाहेरच्या चरांमुळे. जमीन खचली की उतार बदलतो, आणि तेवढ्यानं पाणी इतकं पळतं की चर बुजवले तरी स्फॅग्नम परतेलच असं नाही. दोनेकशे वर्षांपूर्वी बॉगमधून काढलेल्या रस्त्यानं तर दोन्ही बाजूंची जमीन कित्येक मीटर खाली नेली.

म्हणजे प्रश्न काठच्या माणसांचा. आमच्या शेजारचे म्हातारबाबा लहानपणापासून वडिलांबरोबर टर्फ कापायला जात. २०११ सालापासून राखीव बॉगांवर कापणी बंद करणाऱ्यांना सरकारनं वर्षाला १५०० युरो देऊ केले, किंवा त्याऐवजी वाळलेला टर्फ. म्हातारबाबांनी पैसे घेतले, पण धुसफुसतात. चर खणायला शिकवलं सरकारनं, आता बुजवायला पैसे देतं तेही सरकारच. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. बोर्ड ना मोनानं २०२१ साली पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं, तेव्हा या भागातल्या घरोघरच्या नोकऱ्या गेल्या. त्यातल्या काहींना बॉग पुन्हा ओले करण्याच्या कामावर घेतलं, सगळ्यांना नाही.  

म्हणून एक विचारते. माण तालुक्यात तुम्ही बांध घालायचात तेव्हा पाणी खालच्या गावाला आणि जमीन जायची वरच्याची. त्या वरच्या शेतकऱ्याला तुम्ही काय सांगायचात? नुसत्या भरपाईवर तो ऐकत नसे, एवढं मला आठवतं. रात्री त्याच्या ओट्यावर बसून यायचात, तिथे काय बोलणं व्हायचं? ते सविस्तर लिहून पाठवा. फोनवर नको; फोनवर तुम्ही दोन मिनिटांत हवेवर येता. आणि मे-जूनमध्ये या. तेव्हा बॉगवर पांढरं कापूसगवत असतं. गुडघ्यापर्यंतचे बूट मी इथेच घेऊन ठेवते, आईला बॅगेत कोंबू देऊ नका.

तुमची,
ताई