काखेत कळसा

सेवानिवृत्तीनंतर मास्तरास दोन व्याधी जडतात, असा माझा अनुभव आहे. एक गुडघेदुखीची आणि दुसरी ग्रंथलेखनाची. पहिलीवर तेल तरी चोळता येते. एकोणचाळीस वर्षे मुलांकडून शब्दरूपे घोकून घेतल्यावर आपल्या हातून निदान एक कादंबरी व्हावी, अशी इच्छा मजला झाली. परंतु आटगावचे आमचे घर म्हणजे नातवंडांचा गलबला, पाहुण्यांची ये-जा आणि कसाऱ्याच्या गाड्यांचे भोंगे! अशा ठिकाणी सरस्वती पाऊल कशी ठेवणार? तेव्हा समुद्रकाठी जावयाचे मी ठरविले.

स्थळ मनात पूर्वीच ठरलेले होते. कै. वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्यास शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तेथेच राहिले. ‘हृदयाची हाक’ ही त्यांची पहिली कादंबरी १९३० साली निघाली, ‘उल्का’ १९३४ साली. दोन्ही त्या वास्तव्यातल्या. ते मास्तर, मीही मास्तर; उणीव राहिली ती काय समुद्राचीच, असा माझा सरळ त्रैराशिकाचा हिशेब. सौ. एवढेच म्हणाली, “लिहिणाऱ्याला ओसरीसुद्धा पुरते.” मी ते ऐकले न ऐकलेसे केले.

मार्गशीर्षात दादरहून तुतारी एक्सप्रेसने सावंतवाडी गाठली व तेथून एस. टी.ने शिरोडे. वेळागरच्या सुरूच्या बनामागे एका वृद्ध बाईंच्या घरी माडीवरची खोली मिळाली. खिडकीत समुद्र, मेजावर कोरे कागद, उशाशी नवी दौत. आता कादंबरीने केवळ अवतरावयाचे उरले होते!

पहिल्या दिवशी खारे वारे आडवे आले. कागद असे सर्द झाले की टाक टेकताच शाई फुटे. नायकाचे नाव लिहावे, तो क्षणार्धात त्याचे पोट सुटलेले! दुसऱ्या दिवशी कागद उन्हात वाळत घातले, तो वाऱ्याने दोन पाने उचलून सुरूच्या बनात नेली. गावची पोरे धावली; एक पान मिळाले, दुसरे बहुधा सागरास अर्पण झाले. तिसऱ्या दिवशी वाळूत वहाणा काढून मी सूर्यास्ताचे वर्णन जुळवीत बसलो असता भरतीने त्या दोन्ही नेल्या. चौथ्या दिवशी तसाच अनवाणी शेजारच्या आरवलीस वेतोबाच्या दर्शनाला गेलो. त्या देवाला भक्तजन मोठमोठ्या चामडी वहाणा वाहतात, हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. देवापुढे पादत्राणांची रास आणि भक्त अनवाणी! माझे मलाच हसू आले. येताना बाजारात नवा जोड घेतला, तो चावला.

इतके होऊनही आठवड्यात सोळा पाने झाली. घरधनीणबाईंनी एके रात्री ती वाचून दाखवावयास सांगितली. मी मोठ्या हौसेने वाचली. लाटा, क्षितिज, चंद्रोदय, पुन्हा लाटा. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “दर्यो आमी रोज बगतंव, गुरुजी. तुमच्या गावची काय गजाल ती लिवा.”

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण गावची गोष्ट माझ्यापाशी होती आणि तीच लिहावयाची म्हणून मी घर सोडले होते. पुष्कळ वर्षांपूर्वी, चैत्रातील सकाळच्या शाळेत, एका पाड्यावरचा मुलगा रोज उशिरा येई. तीन दिवस मी त्याला सर्व वर्गासमक्ष छड्या मारल्या. त्याने तोंडातून अक्षर काढले नाही. चौथ्या दिवशी तोच मला वाटेत भेटला; डोक्यावर हंडा, काखेत कळशी. ओढ्यातील झिऱ्याचे पाणी वाटीवाटीने भरून, घरी पोचवून, मग तो शाळेत येत असे. आमच्याच तालुक्यातील तानसा तलाव १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे, हा धडा मीच त्याला शिकविला होता! तो मुलगा त्या परीक्षेस बसला नाही. पुढे शाळेतही दिसला नाही. मी त्याच्या पाड्यावर गेलो नाही. आज जाईन, उद्या जाईन, असे म्हणत राहिलो.

एवढे लिहिण्याचा धीर होईना, म्हणून मी लाटांचे वर्णन करीत बसलो होतो. समुद्र हे केवळ निमित्त होते. मला त्या मुलापासून दूर पळावयाचे होते. आणि खांडेकरांचा माझा हिशेबही चुकलेला होता. शिरोड्यात दहा वर्षे शिकविल्यावर त्यांची पहिली कादंबरी आली. त्याच १९३० साली त्याच गावी मिठाचा सत्याग्रह झाला. तो समुद्र त्यांच्या नित्याच्या जगण्यातला होता. मी तो आठवड्याच्या भाड्याने घेतलेला!

नवव्या दिवशी परतलो. आता पहाटे ओसरीवर बसतो. पहिली गाडी जाते, नातू येऊन मांडीवर डोके ठेवतो, आतून भांडी वाजतात. दिवसाकाठी चार-सहा ओळी होतात. परंतु त्या पुसाव्याशा वाटत नाहीत. वैशाखात आजही आमच्या तालुक्यातील कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते, त्यामुळे गोष्ट जुनी झाली असे म्हणण्याचीही सोय नाही.

परवा पहिले प्रकरण सौ.ला वाचून दाखविले. छड्यांचा प्रसंग येताच तिने निवडायचे तांदूळ बाजूस सारले. वाचन संपल्यावर थोड्या वेळाने म्हणाली, “त्या मुलाचे खरे नाव घालू नका. मास्तराचे मात्र घाला.”

तसे घातले आहे.