शपथ, शाप आणि शिवी

अनुवादाच्या तासाला इंग्रजीतील 'स्वेअर' हे क्रियापद आले की वर्ग हमखास अडखळतो. न्यायालयातला साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून करतो ते 'स्वेअर', आणि वाहतुकीत अडकलेला चालक खिडकीतून मान बाहेर काढून करतो तेही 'स्वेअर'. मराठीत शपथ घेणे निराळे आणि शिव्या देणे निराळे. इतकी पवित्र आणि इतकी अपवित्र क्रिया एकाच शब्दात कशी नांदते, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे.

शब्दाचा मूळ अर्थ शपथ घेणे हाच. 'आन्सर' या शब्दातही तोच धातू दडलेला आहे. आरोपाच्या विरोधात शपथपूर्वक केलेले निवेदन हा त्याचा जुना अर्थ. शिवीगाळीचा अर्थ पुढे, पंधराव्या शतकाच्या सुमारास चिकटला. देवाच्या रक्ताची, देवाच्या जखमांची शपथ सत्यकथनासाठी घेतली जाई. ती रोजच्या बोलण्यात झिजत झिजत रागाचा नुसता उद्गार झाली. 1606 साली इंग्लंडच्या पार्लमेंटने रंगभूमीवर ईश्वराचे नाव असे उधळणाऱ्याला दहा पौंड दंड ठरवला. 'ऑथेल्लो'च्या 1622 च्या क्वार्टो प्रतीत इयागोच्या तोंडी 'स्ब्लड', म्हणजे देवाच्या रक्ताची शपथ, आहे. 1623 च्या फोलिओत ती नाही. एकेकाळी खरेपणाची साक्ष असलेला शब्द आता खोडण्याजोगा झाला होता.

हे सारे आपल्याला परके वाटण्याचे मात्र कारण नाही. संस्कृतातील 'शप्' या एकाच धातूपासून शपथही निघते आणि शापही. शपथ म्हणजे 'मी खोटे बोलत असेन तर माझे अमुक होवो' असा स्वतःलाच दिलेला सशर्त शाप. महाभारताच्या अनुशासनपर्वात ऋषींनी खुडून ठेवलेले कमळाचे देठ चोरीस जातात, तेव्हा प्रत्येक जण शपथ घेतो, आणि ती शपथ म्हणजे चोराला दिलेला शाप असतो: ज्याने चोरी केली त्याला अमुक पाप लागो. वेष पालटून आलेला इंद्र तेवढा चोराचे भले व्हावे अशी शपथ घेतो, आणि तिथेच पकडला जातो. ज्या शपथेत शाप नाही ती शपथच नव्हे, हे ऋषींना ठाऊक होते.

मराठीत आपण ईश्वरापेक्षा माणसांना अधिक पणाला लावले. लहानपणी गळ्याची कातडी चिमटीत धरून 'गळ्याशप्पथ' म्हणायचे आणि मैत्रिणीने शपथ घातली की 'सुटली म्हण' म्हणून तिच्यामागे धावायचे, हे माझ्या पिढीला सांगावे लागत नाही. आज 'आईशप्पथ' हा शब्द चांगला चित्रपट पाहिला तरी तोंडून निघतो. इंग्रजीत देवाच्या रक्ताचे जे झाले, तेच इथे आईचे होत आहे. त्यातही 'आईशप्पथ' आणि 'आयला' या शब्दांत अंतर किती? शपथेला जी लागते, तीच शिवीलाही लागते. जे सर्वांत जपायचे, त्याचीच शपथ वजनदार ठरते आणि त्याच्यावरचीच शिवी जिव्हारी लागते. 'स्वेअर'चे दोन अर्थ इथे एकमेकांना भेटतात.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात परीक्षेच्या वेळी एका मुलावर कॉपीचा आळ आला. "मी केली नाही," एवढेच तो म्हणत होता. चौकशी करणारे सर म्हणाले, "आईची शपथ घेऊन सांग." मुलगा गप्प झाला. ते मौन म्हणजे कबुली, असे खोलीतील बहुतेकांना वाटले. त्याची आई त्या आठवड्यात रुग्णालयात होती, हे मला ठाऊक होते. उत्तरपत्रिका ताडून पाहाव्यात असा आग्रह मी धरला. त्या पाहिल्या, दोन्हींतील उत्तरांत साम्य नव्हते. त्या खोलीत 'आईशप्पथ' या शब्दाला अजूनही वजन आहे असे मानणारा बहुधा तो एकटाच होता, आणि म्हणूनच त्याने तो उच्चारला नाही.

1880 साली ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेल्या चार्ल्स ब्रॅडलॉ या नास्तिकाने शपथेऐवजी प्रतिज्ञा करू देण्याची मागणी केली. त्याला सभागृहात रीतसर बसायला 1886 उजाडले आणि तसा कायदा व्हायला 1888. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मात्र ईश्वराच्या नावाने शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा, असे दोन्ही मार्ग आरंभापासून खुले आहेत. तो दुसरा मार्ग वाचताना मला ब्रॅडलॉइतकाच तो मुलगाही आठवतो. आपल्या शब्दामागे कुणाचाही गळा उभा न करता 'नाही' म्हणण्याचा आणि त्यावर विश्वास ठेवला जाण्याचा अधिकार त्यालाही होता.