पानांचं साळिंदर

ऑक्टोबर उजाडला की आमच्या अ‍ॅन आर्बरमधे दोन प्रकारची माणसं दिसायला लागतात. एक, अंगणातली पानं गोळा करून पिशव्यांत भरणारी. दुसरी, तीच पानं उचलून घरात आणणारी. घरात पाच वर्षांखालचं पोर असेल तर तुम्ही आपोआप दुसऱ्या प्रकारात मोडता. २०२३ साली आमच्याकडे अशी दोन होती. थोरली चार वर्षांची, धाकटा दोनचा. त्यामुळे कोटाच्या खिशात पानं, गाडीच्या सीटखाली पानं, आणि एकदा तर ऐन मीटिंगमधे माझ्या लॅपटॉपच्या बॅगेतून ओकचं एक भलंमोठं पान टेबलावर पडलं.

पी.एच.डी. करायला मी इथे आलो ते २०१२ साली. पहिल्याच वर्षी एका लालभडक मेपलचे पन्नासेक फोटो काढून मी साताऱ्याला पाठवले होते. त्यावर आईचा फोन, "वाळलंय का रे ते झाड? पाणी घालत नाहीत का तिकडे?"

थोरलीचा प्रश्न वेगळा होता. पानांना रंग कोण देतं? मग काय, मी खुर्ची ओढून बसलोच. म्हटलं, पानात हरितद्रव्य असतं म्हणून ते हिरवं दिसतं. दिवस लहान झाले, गारवा पडला की झाड नवं हरितद्रव्य करणं थांबवतं, जुनं मोडून टाकतं, आणि त्याच्याखाली झाकलेला पिवळा रंग दिसायला लागतो. लाल रंगाचं प्रकरण निराळं. तो आधीपासून नसतो. मेपलसारखी झाडं तो पानातल्या साखरेपासून याच दिवसांत नव्यानं तयार करतात. म्हणून दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा पडला, पण पाणी गोठलं नाही, की लाल जास्त खुलतो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पिवळा आतच होता? आणि कोणी बघितलाच नाही?"

तसंच म्हटलं.

आता ज्यांच्या घरी असा कच्चा माल आहे त्यांच्यासाठी थोडे अनुभवाचे बोल. दोन वर्षांच्या मुलाला डिंक देऊ नये, तो खातो. त्याच्यासाठी पारदर्शक चिकट कागद घ्यायचा आणि चिकट बाजू आपल्याकडे करून खिडकीला लावायचा. मग तो मन लावून पानं चिकटवत बसतो. भोपळा आणला तर सुरीच्या भानगडीत पडू नका. गॉल्फच्या लाकडी टी आणि छोटी हातोडी द्या, त्या भोपळ्यात ठोकण्यात अर्धा तास सहज जातो. (टी ठोकायला सुरुवात तुम्ही करून द्यायची, आणि बोटं सांभाळायची.) चार वर्षांच्या मुलांना ठसे जमतात. पान शिरांची बाजू वर करून ठेवा, त्यावर पातळ कागद ठेवा, आणि क्रेयॉनचं वेष्टण काढून तो आडवा फिरवा. पान ताजं हवं, वाळकं असलं की चुरा होतो. दोन मेणकागदांमधे पान ठेवून, वर फडकं टाकून मंद इस्त्री फिरवली की पानाचा रंग बरेच दिवस राहतो. इस्त्री अर्थातच मोठ्यांनी करायची.

काय करू नये याचाही अनुभव आहे. पानं झटपट वाळवायला मी ती मायक्रोवेव्हमधे घातली. ऊष्मागतिकीत 'ए' मिळवलेल्या माणसाच्या घरात स्मोक अलार्म बोंबलला. आणि ओकची ती टोपीवाली फळं, एकॉर्न, थोरलीनं मूठमूठ आणून वाडग्यात ठेवली होती. चौथ्या दिवशी त्यातून पांढऱ्या गुबगुबीत अळ्या बाहेर आल्या! आता फळं घरात आली की आधी ओव्हनमधे, पंच्याण्णव सेल्सिअसला तासभर. आणि धाकट्याच्या हाताला लागणार नाहीत अशी वरच्या फळीवर, कारण त्याच्या घशात ती बरोब्बर अडकतील अशा मापाची असतात.

तर झालं असं, की दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात थोरलीच्या बालशाळेतून चिठ्ठी आली. मुलांनी घरी पानांचं काहीतरी करून आणावं. तिनं ठरवलं, साळिंदर. मी तपकिरी कागदावर अंग काढून दिलं. पाठीवर पानं काट्यांसारखी लावायची, एवढी सोपी गोष्ट. तिनं पानं पाठीवर लावली, पोटावर लावली, एक थेट नाकावर लावलं. आणि डोळा म्हणून दिलेला पिवळा गोल चिकटवला तो साळिंदराच्या बाहेर, कागदाच्या वरच्या कोपऱ्यात.

मी काही बोललो नाही. पण मुलं झोपल्यावर पाणी प्यायला उठलो तेव्हा ते टेबलावर दिसलं. डिंक अजून ओलाच होता. पाचच मिनिटं, असं म्हणत मी चिमटा घेतला. पोटावरची पानं काढली, पाठीवर लहान ते मोठी अशी एका कोनात ओळीनं बसवली, डोळा डोळ्याच्या जागी आणला. पाऊण तास गेला. फारच सुंदर झालं होतं हो.

सकाळी ती टेबलाशी गेली. रडली नाही. नुसतं बघत राहिली आणि म्हणाली, "हे तुझंय."

"अगं, तुझंच आहे. मी फक्त डोळा नीट लावला."

"तो डोळा नव्हता, बाबा. तो चांदोबा होता. साळिंदर रात्री बाहेर येतं ना."

मला उत्तर सुचलं नाही. ती रिकाम्या हातानं शाळेत गेली. बायको एवढंच म्हणाली, "अरे, तिचा पेपर तू का तपासतोस?" संध्याकाळी बाईंना घडला प्रकार सांगितला. त्या हसल्या. म्हणाल्या, आम्ही तर मुलांसमोर तयार नमुनासुद्धा ठेवत नाही. त्यांच्या मते करताना जे होतं ते मुलाचं काम, कागदावर उरतं तो त्याचा पसारा.

गाडी चालवताना मला साताऱ्यातलं अंगण आठवत होतं. मी चौथीत होतो. दिवाळीचा किल्ला पहिल्यांदाच एकट्यानं केला होता. माती, विटांचे तुकडे, वरून हळीव पेरलेले, आणि पायथ्याशी वाघाची गुहा. किल्ल्यात गुहा कशाला ते मला ठाऊक होतं, बाकी कोणाला नव्हतं. बाबा पी.डब्ल्यू.डी.त ओव्हरसियर. रात्री मी झोपल्यावर त्यांनी किल्ला हातात घेतला. सकाळी उठून बघतो तर तटाला ढाळ, बुरूज गोल, दरवाज्यापर्यंत मोजून कोरलेल्या पायऱ्या. सगळी गल्ली बघून गेली. "तूच केलास?" असं जो तो विचारी आणि मी हो म्हणत होतो. गुहा मात्र बुजली होती. वाघ मला तुळशीपाशी पडलेला सापडला.

२४ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, घरी फोन केला तेव्हा न राहवून विचारलं, "बाबा, माझा चौथीतला किल्ला आठवतो तुम्हाला?"

"आठवतो की. तुझ्या तटाला ढाळच नव्हता. पहिल्या पावसात ढासळला असता."

"दिवाळीत कुठला पाऊस, बाबा?"

"येतो कधीकधी," ते म्हणाले. मग जरा थांबून, "का रे? वाईट वाटलं होतं?"

"नाही हो," मी म्हटलं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या वाघाबद्दल आता काय सांगायचं.

त्या दिवशी थोरलीला सोनं हवं होतं. आपटा इथे कुठला? पण आमच्या कोपऱ्यावर एक गिंको आहे, आणि त्याचं पंख्यासारखं पान मधे चिरलेलं, दोन पाळ्यांचं असतं. शास्त्रीय नावातला 'बायलोबा' त्यावरूनच. आपल्याकडे आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं सर्रास विकतात, तर हेही चालावं. पण दसऱ्याला ते झाड अजून हिरवट होतं. थोरलीनं एक पान हातात घेऊन परत टाकलं. "पिवळा अजून आतच आहे," म्हणाली.

गिंकोची एक गंमत आहे. मेपल महिनाभर रेंगाळत पानं गाळतो. गिंकोच्या पानांचे देठ मात्र जवळपास एकाच वेळी सुटायला तयार होतात, आणि पहिली कडक थंडी पडली की काही तासांत झाड रिकामं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री पारा शून्याच्या खाली गेला आणि सकाळी कोपऱ्यावरचा रस्ता पिवळाधम्मक. आम्ही पिशवी भरून आणली.

तिनं कपाटातून माझं ते सुबक साळिंदर काढलं आणि त्यावर डिंक ओतला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो, खरंच. तिनं पाठ झाकली, पाय झाकले, डोळाही झाकला. मी विचारलं, "दिसत नाही का गं आता ते?"

"झोपलंय. थंडीत पानांखाली झोपतं." मग एक पान उचलून वरच्या कोपऱ्यात लावलं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिनं कॅमेऱ्यासमोर गिंकोचं पान धरलं, "आजोबा, सोनं घ्या."

"दसरा होऊन गेला की गं!"

"इथलं झाड उशिरा देतं."

मग तिनं चित्र दाखवलं. बाबा चष्मा चढवून बघत होते. "छान आहे हो. फक्त तो चंद्र जरा..."

"बाबा!" मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघायला लागले. मग हसले. "राहू दे, राहू दे. बरोबर आहे तो."

असो. ते चित्र अजून आमच्या फ्रिजवर आहे. डिंक सुकून दोन-तीन पानं गळाली आहेत आणि खालचा डोळा परत दिसायला लागलाय. मी ती पानं पुन्हा लावलेली नाहीत.