सरासरीत हरवलेली झोप

इगतपुरीच्या रेल्वे वस्तीत वाढलेल्या पोराला आवाजाचं भय नसतं. कसारा घाटातून गाड्या वर ढकलणाऱ्या बँकर इंजिनांच्या आवाजात आम्ही झोपलो, अभ्यासही केला. (आमच्याच गावात धम्मगिरीवर लोक दहा दिवस मौन पाळायला येतात, ही वेगळी गंमत.) पण मुंबईत जरीमरीला मावशीकडे राहिलो तेव्हा कळलं, विमान पत्र्यावरून गेलं की बोलणं मध्येच तुटतं. मावशी थांबायची आणि वाक्य तिथूनच पुढे न्यायची.

"त्यांना सवय झालीय," असं लोक म्हणतात. आपल्याला कशाकशाची सवय झाली असं आजवर सांगितलं गेलं, ते आठवून बघा.

आता आकडे बघू. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा रात्री 45 डेसिबल आहे. 2018 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रासाठी वेगळी मर्यादा आणली. गर्दीच्या विमानतळाजवळ रात्री 65. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना युरोपसाठी सांगत होती की विमानांचा आवाज रात्री 40 च्या खाली ठेवा. 45 वरून 65 म्हणजे वीसच वाढले असं वाटतं. पण दर 10 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे मर्यादा शंभरपट सैल झाली.

खरी मेख सरासरीत आहे. रात्री तासाला एकच विमान, 30 सेकंद, 85 डेसिबल, बाकी वेळ शांतता असं धरा. गणित करा, सरासरी येते साधारण 64. नियमात बसलं! रात्री दहा ते सकाळी सहा मोजली तर लेकरू आठ वेळा दचकून उठलं, आणि अहवालात उल्लंघन शून्य.

शिवाय मोजणी घराबाहेर होते. दुहेरी काचेच्या फ्लॅटबाहेर आणि पत्र्याच्या खोलीबाहेर आकडा एकच येईल, आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला एक व्यक्ती, एक मूल्य हा प्रश्न संविधान सभेपुढे ठेवला होता. कानांचं मूल्य तरी सारखं धरलंय का?

म्हणून विमानतळाचा पर्यावरण अहवाल हाती आला की सरासरीचं पान उलटून पुढे जा. यंत्र कोणाच्या छतावर ठेवलं होतं, रात्री किती विमानं गेली, सर्वांत मोठा आवाज किती होता, हे लेखी विचारा. मोबाईलवरचं ॲप पुरावा म्हणून टिकणार नाही, पण वेळ आणि विमानांची संख्या वहीत लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.